अर्ध्या जबड्याची कवळी आणि कुलवृत्तान्तातील चार वाक्ये

"शस्त्रक्रियेनंतर काकांची मुद्रा बिघडल्यामुळे काकूंना त्यांच्या ताटात जेवणे अशक्य झाले. त्या दार लावून आधी स्वतः जेवून घेत आणि मग काकांना वाढीत. त्या कठीण वर्षातही काकूंनी जिभेचे चोचले कमी केले नाहीत. काकांची खरी शुश्रूषा थोरल्या घरानेच केली."

ही चार वाक्ये आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्तात माझ्या नावाखाली छापली जायची आहेत. लेखक माझा पुतण्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. नोकरीतून निवृत्त होऊन पुण्याला स्थायिक झाल्यावर त्याला घराण्याचा इतिहास लिहिण्याची हुक्की आली. छपाईपूर्वीची पाने त्याने मला पाठवली आणि सोबत चिठ्ठी जोडली, की काही दुरुस्ती असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. भोसल्यांच्या राज्यात कोकणातून नागपुरात आलेल्या मूळपुरुषापासून परवा जन्मलेल्या पणतीपर्यंत सगळे त्यात आहेत. हा ग्रंथ दोनशे घरांत जाईल, आणि माझ्या बायकोबद्दल जगात एवढाच मजकूर उरेल. आम्हाला मूल नाही. ती जाऊन चार वर्षे झाली. तिच्या बाजूने बोलणारा मी एकटा उरलो आहे, आणि माझे वय पाहता मलाही पंधरा दिवसांची मुदत फार उदार वाटत नाही.

पुतण्याने माहितीचा आधार दिला आहे: "कै. आईकडून ऐकलेले." त्याची आई म्हणजे माझी वहिनी. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात तीस वर्षांहून अधिक काळ न्यायाधीशांच्या खाली बसून रीडरचे काम केले. पुकारा झाला की कागद वाचून दाखवायचे, तारखा लावायच्या, साक्षी पुरावे फायलीत क्रमाने ठेवायचे. ऐकीव साक्षीची किंमत मला कुणी शिकवायला नको. दोघी जावा वारल्या. त्यांतल्या एकीचे म्हणणे छापायचे आणि दुसरीला विचारायची सोय राहिली नाही म्हणून निकाल तिच्याविरुद्ध द्यायचा, ही न्यायबुद्धी माझ्या पुतण्याने कोणत्या कॉलेजात कमावली ते मला ठाऊक नाही.

आधी 'मुद्रा बिघडली' हे घेतो. आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या वर्षाची गोष्ट. मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि मला मधुमेह आहे हे मला दोन वर्षांपासून माहीत होते. म्हणजे मी ते ऐकले होते आणि सोडून दिले होते. डाव्या गालात ठणका सुरू झाला. दात दुखतो असे समजून दात काढवला. खड्डा भरेना. मग नाकातून काळपट पाणी येऊ लागले आणि टाळूवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. मोठ्या दवाखान्यात त्याचा तुकडा तपासला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, शिळ्या अन्नावर येते त्याच जातीची बुरशी आहे, साखर वाढलेल्या शरीरात शिरली की हाडापर्यंत जाते, आणि डोळ्यात पोचायच्या आत जबडा काढावा लागेल. करोनानंतर 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोचला, तेव्हापासून पुतण्याला माझ्या आजाराचा एकाएकी अभिमान वाटू लागला आहे. त्या वेळी त्याने, कॉलेजात जाणारा धडधाकट मुलगा असूनही, दवाखान्याची पायरी एकदाही चढली नव्हती.

डाव्या बाजूचा वरचा जबडा, त्यातले सगळे दात आणि अर्धी टाळू काढली. बुरशीच्या इंजेक्शनांनी अंगाला अशी हुडहुडी भरे की खाट वाजत असे. पण चेहरा जवळपास होता तसाच राहिला. डावा गाल जरा खोल गेला, एवढेच. जे गेले ते आतून गेले. तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच उरली नाही. पाणी प्यायलो की नाकातून बाहेर, वरण गिळले की नाकातून बाहेर. बोलायला गेलो की आवाज रिकाम्या रांजणातून आल्यासारखा. 'मुद्रा बिघडली' हे शब्द ज्याने लिहिले त्याला वाटते, की माणसाचे नुकसान समोरच्याला दिसते तेवढेच असते.

जखम भरत आल्यावर मला दातांच्या दवाखान्यात पाठवले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्या हाताखाली कवळ्या घडवणारा रामटेककडचा एक कारागीर होता. अशा भोकाला बूच बसवावे तशी एक कवळी करतात: खाली दात, वर टाळूच्या जागी गुलाबी पत्रा, आणि त्या पत्र्यावर पोकळीत चढणारा एक गोळा. टाळूच्या भोकात व्हॅसलिनची पट्टी भरून, ऊन पाण्यात मऊ केलेल्या मेणासारख्या मसाल्याने ठसा घेताना मला दोनदा ओकारी आली. पहिली कवळी भरीव झाली. वजनाने ती खाली येई. मी 'हुजूर' म्हणून पाहिले आणि ती जिभेवर पडली.

दुसरी घेऊन कारागीर स्वतः आला.

"साहेब, आता हलकी हाय. आतून पोकळ केली. गोळ्यात मीठ भरलं, पकल्यावर बारीक छेद पाडला, पाण्यानं मीठ धुऊन काढलं, छेद बुजवला."

"मीठच काहून?" मी पाटीवर लिहून विचारले.

"साखरही चालते ना. पण तुमच्या तोंडात मी साखर ठेवली, तर बाई मले जित्ता ठेवतीन का?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेला पुढे केला. मी सवयीने मान मागे टाकली आणि पाणी वरून तोंडात सोडले. सगळे नाकातून शर्टावर आले.

"पेल्याला तोंड लावून प्या."

मी पाटीवर लिहिले, की आमच्यात भांड्याला तोंड लावत नाहीत.

"तुमच्यात टाळूला भोकही नसतं. मान सरळ, ओठ पेल्याला, एक घोट."

एक घोट आत राहिला. तीन महिन्यांत प्रथमच. मी तो पेला सावकाश रिकामा केला, आणि त्या पाण्याबद्दल मला जे वाटले ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

बोलणे आठ-पंधरा दिवसांत जमू लागले. मोठ्याने वाचनाचा सराव माझ्या धंद्यातलाच होता. मी घरी जुने दावे वाचत असे. जेवण मात्र जमेना. भात गोळ्याच्या वर जाऊन बसे, डाव्या बाजूने चावले की कवळी डगडगे, आणि दोन घासांत मी ताट लोटून देई. वजन उतरत होते, आणि साखरेच्या इंजेक्शनावर असलेल्या माणसाला उपाशी राहण्याची चैन परवडत नाही. एकदा घरीच घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी मोरीशी कोसळलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की आता जेवायला शिकला नाहीत तर बुरशीतून वाचून उपासाने जाल. त्यांनी माझ्या बायकोला आत बोलावले.

"आरसा द्यायचा नाही. स्वतःचं तोंड बघून हे जेवणच टाकतील. तुम्ही समोर बसायचं. दोन ताटं, दोन्हीत एकच पदार्थ. आधी तुम्ही घास घ्यायचा, उजवीकडे चावायचा, ओठ मिटून, मान सरळ ठेवून गिळायचा. ह्यांनी तुमच्याकडे बघायचं. तुमचा घास गिळून झाला की मग ह्यांचा."

बायको कानापर्यंत लाल झाली. "डॉक्टर, मी ह्यांच्यासमोर जेवत नाही."

"का?"

"कधी जेवले नाही."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"सतरा."

"मग सतरा वर्षं उपाशी आहात?"

आजच्या वाचकाला हे हास्यास्पद वाटेल, वाटो. आमच्या घरी, आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्यासारख्या पुष्कळ घरी, पुरुषांचे जेवण उरकल्यावर बाई नवऱ्याच्या त्याच ताटात वाढून घेई. सतरा वर्षांत मी माझ्या बायकोचे तोंड घास चावताना पाहिले नव्हते. ती काय खाते, किती खाते, कोणत्या बाजूने चावते, यांतले काहीही मला माहीत नव्हते. ज्या बाईला नवऱ्यासमोर लाडू तोडायचा संकोच, तिला आता नवऱ्याने टक लावून पाहत असताना घास चावून दाखवायचा होता, दिवसातून दोनदा, आणि तोही नवऱ्याच्या आधी. पुतण्याने जो 'दोष' म्हणून छापला आहे तो डॉक्टरीणबाईंचा औषधोपचार होता.

दार तिने लावले असे पुतण्या लिहितो. दार मी लावले. स्वयंपाकघराची कडी मी माझ्या हाताने सरकवली, कारण जिल्हा न्यायालयाच्या रीडरला त्याची बायको घास गिळायला शिकवते आहे, हे शेजारच्या बिऱ्हाडाला, कचेरीतल्या कारकुनांना आणि विशेषतः थोरल्या घराला कळावे अशी माझी इच्छा नव्हती. मी तिला शपथ घातली होती, की हे कुणाला सांगायचे नाही. ती शपथ तिने पाळली. मी तिला त्यातून कधी मोकळे केले नाही. हे मी कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. वस्तुस्थिती म्हणून लिहितो, कारण पुतण्याने दाराचा उल्लेख केला आहे आणि दाराबद्दल बोलायचेच असेल तर पुरते बोलावे.

पहिल्या दिवशी ती घास घेऊन तोंडावर पदर धरून बसली.

"पदर काढ," मी म्हणालो. कवळी घातलेली होती, शब्द बऱ्यापैकी कळत होते.

"लाज वाटते."

"मला पदर चावायला शिकायचं नाही."

तिला हसू आले, तेही तोंडात घास असताना. ते दाबताना तिला ठसका लागला, ते पाहून मला हसू आले, आणि माझी कवळी थेट वरणाच्या वाटीत. तिने ती चिमट्याने नव्हे, बोटांनी काढली, मोरीवर धुतली, पुसली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "आता तुम्ही हसायचं नाही. हसायचा धडा डॉक्टरांनी अजून सांगितलेला नाही." त्यानंतर तिने पदर धरला नाही. ती समोर बसे, घास घेई, उजव्या गालाला बोट लावून दाखवी, आणि मी मोजत असे. विसाव्या चावण्याला ती थांबे. मग गिळे. मग माझ्याकडे बघून भुवया उचली: आता तुम्ही. सहाव्या आठवड्यात मी अर्धी पोळी वरणात कुस्करून, नाकाला रुमाल न लावता संपवली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडले तेव्हा मी माझ्या खुर्चीवर होतो आणि पहिल्याच दिवशी सतरा पानांचा दावा न अडखळता वाचला. पुढे दहा-बारा वर्षांत तीन कवळ्या बदलल्या, पण जेवण परत शिकावे लागले नाही.

आता थोरल्या घराच्या शुश्रूषेविषयी. ती आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, झाकणाच्या डब्यातून येत असे. डब्यात शिरा असे. साजूक तुपातला, केशर घातलेला, साखरेने चकाकणारा शिरा. मधुमेहाने जबडा गमावलेल्या माणसासाठी. पहिल्या खेपेला मला वाटले चूक झाली असेल. चौथ्या खेपेला मी समजलो, की ही शुश्रूषाच आहे. तो शिरा मोलकरणीच्या घरी जाई.

अशाच एका रविवारी वहिनी पुढच्या दाराने न येता मागच्या अंगणातून आल्या. स्वयंपाकघराला अंगणाकडे एक खिडकी होती. त्यातून त्यांनी जे पाहिले ते खरेच होते: माझे ताट वाढलेले, मी हात आखडून बसलेलो, आणि समोर माझी बायको घास चावते आहे. पाहिले ते खरे, आणि त्यावरून काढलेला अर्थ पूर्णपणे खोटा. पण वहिनींना दोष देताना मी एक सूट देतो. आमच्या पद्धतीत वाढलेल्या कोणत्याही बाईने त्या खिडकीतून दुसरा अर्थ काढला नसता. नवऱ्याच्या आधी जेवणारी बायको म्हटले, की पुढे विचार करायची गरजच उरत नसे.

खिडकीतूनच त्या म्हणाल्या, "अगं, नवरा ताटाकडे बघत बसलाय, आणि तू खुशाल जेवून राहिली?"

बायकोने घास गिळला.

"भाऊजी, तुम्ही तरी बोला. हे काय चाललंय तुमच्या घरात?"

मी बोलू शकत होतो. कवळी तोंडात होती. मी म्हणालो, "शिरा तिथेच ठेवा, वहिनी."

त्या गेल्या, आणि ती गोष्ट त्यांच्याबरोबर गेली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांनी भरल्या घरात माझ्या बायकोला विचारले म्हणे, "काय गं, तुमच्याकडे आता बायकांची पंगत आधी बसते?" त्यावर ती म्हणाली, "हो वहिनी, आमच्याकडे नवीन पद्धत आहे. डाळ वाढू?" एवढेच उत्तर तिने दिले, आणि पुढली चाळीस वर्षे तेवढेच देत राहिली. घरी येऊन तिने मला हे हसत सांगितले. मला हसू आले नाही. तरीही मी उठून थोरल्या घरी गेलो नाही, हेही त्याच शपथेच्या खात्यावर.

माझ्या ताटात जेवणे तिने सोडले, हे पुतण्याचे वाक्य मात्र खरे आहे. सोडले, कारण मी सोडायला लावले. सुरुवातीच्या आठवड्यांत माझ्या ताटात नाकातून काय काय उतरत असे ते मला ठाऊक होते. पहिल्याच दिवशी, धडा संपल्यावर, तिने सवयीने माझे ताट ओढले. मी ते तिच्या हातातून हिसकावून स्वतः मोरीत नेऊन विसळले. तिला किळस आली नव्हती. मला आली होती, माझी. ती नाराज झाली आणि दोन दिवस माझ्याशी फारसे बोलली नाही. यात जर कुणाचा अपराध असेल तर नोंद माझ्या नावाने व्हावी. जागा ठेवलेलीच आहे.

राहता राहिले 'जिभेचे चोचले'. हा आरोप सर्वांत हलकट आहे, कारण तो सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असे लिहिणाऱ्याला वाटते. बंद दाराआड एक बाई काय खात होती ते कोण सांगणार? मी सांगतो: ती मी खात होतो तेच खात होती. मऊ भात, मुगाचे पातळ वरण, कुस्करलेली पोळी, मीठ. हिरवी मिरची नाही, लाल तिखट नाही, फोडणीही नाही. कारण तिखटाचा एक कण त्या उघड्या पोकळीत गेला तर आग होई आणि शिंक आली तर कवळी उडे. मी तिला एकदा म्हणालो, की तुझ्यापुरते वेगळे कर. ती म्हणाली, "वेगळा घास वेगळा चावला जातो. तुम्हाला अंदाज कसा येणार?" हे तिने वर्षभर केले. ती भिवापूरची. तिचे वडील मिरचीचे शेतकरी, आणि लहानपणापासून पानात तिखट नसेल तर तिला जेवल्यासारखे वाटत नसे, असे तिची आई सांगत असे.

पण ही नवऱ्याची साक्ष आहे, आणि नवऱ्याची साक्ष पक्षपाती मानली जाते. ती बाजूला ठेवावी. मी प्रतिपक्षाचाच कागद दाखल करतो.

त्याच कुलवृत्तान्तात, माझ्या पानानंतर चार पाने उलटली की माझ्या वहिनींची नोंद आहे. तिथे पुतण्याने आपल्या आईचे औदार्य वर्णिले आहे, आणि वर्णन करण्याच्या भरात तो स्वतः साक्षीला उभा राहिला आहे. त्याचे शब्द मी जसेच्या तसे उतरवतो, आणि याच्यापुढे मला काही म्हणायचे नाही: "काकांचे ऑपरेशन झाले त्या वर्षी, फाल्गुनात, काकूंच्या माहेरून आलेले वर्षाच्या मिरचीचे पोते काकूंनी परस्पर आमच्याकडे पाठवून दिले. त्याची सुतळीची शिवण आईने माझ्यादेखत उसवली."